रेक्टर, व्हिकर, क्युरेट: पॅट्रिक ब्राँटे यांच्या पाळकपणाचा हिशेब

शार्लट, एमिली आणि ॲन या ब्राँटे भगिनींच्या इंग्रजी कादंबऱ्या वाचणाऱ्यांना त्यांचे वडील यॉर्कशरच्या माळरानावर कुठेतरी पाद्री होते, एवढं ठाऊक असतं. त्या काळच्या कागदांत मात्र त्यांचा हुद्दा 'पर्पेच्युअल क्युरेट' असा लागतो. कादंबऱ्यांमधून तर रेक्टर, व्हिकर, क्युरेट, डीकन असे शब्द सतत भेटतात. आपण ते कारकून, अव्वल कारकून, मामलेदार अशा चढत्या पायऱ्यांसारखे वाचतो आणि तिथेच चकतो.

अँग्लिकन चर्चमध्ये, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडमध्ये, दीक्षेच्या पायऱ्या तीनच: डीकन, प्रीस्ट आणि बिशप. रेक्टर, व्हिकर, क्युरेट ही दीक्षेची नावं नाहीत, उत्पन्नाची आहेत. गावच्या धान्याचा दहावा हिस्सा कोणाच्या कोठारात पडतो, यावरून ती ठरत. एकच प्रीस्ट एका गावात रेक्टर आणि शेजारच्या गावात व्हिकर असू शके. काहीजण असेही होते.

हा दहावा हिस्सा म्हणजे दशमांश. गावच्या चर्चचा पूर्ण हक्कदार तो रेक्टर. गहू, गवत, लाकूड असा मोठा दशमांश त्याचा. कोकरं, लोकर, दूध, अंडी, परसातला भाजीपाला असा किरकोळ दशमांशही त्याचाच. मध्ययुगात मठांनी अनेक गावांचं रेक्टरपण आपल्याकडे ओढून घेतलं. आता मठ काही गावात येऊन लग्नं लावणार नाही, प्रेतं पुरणार नाही. म्हणून मठाने मोठा दशमांश स्वतःकडे ठेवला आणि किरकोळ दशमांशावर एक माणूस गावात बसवला. तो व्हिकर. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ बदली माणूस. आपल्याकडे वतनदार पुण्यात आणि काम बघायला गावी मुतालिक, तसलाच हा प्रकार. पुढे १५३६ ते १५४० या काळात आठव्या हेन्रीने मठ मोडले आणि त्यांचे दशमांश दरबारी लोकांच्या, जमीनदारांच्या आणि कॉलेजांच्या हाती गेले. परिणाम असा, की कधी बायबल उघडून उपासना न चालवलेला जमीनदार गावचा 'रेक्टर' झाला आणि धर्मकार्य करणारा व्हिकर कोंबड्या-अंड्यांच्या हिश्शावर राहिला. १८३६ च्या कायद्याने दशमांशाचं धान्याच्या भावाशी बांधलेल्या रोख रकमेत रूपांतर झालं. पाळकाच्या दारात डुकराची पिल्लं मोजणं तेव्हा संपलं.

क्युरेट दोन जातीचे, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथे. साधा क्युरेट म्हणजे रेक्टरने किंवा व्हिकरने पगारावर ठेवलेला मदतनीस. धनी बदलला की त्याची नोकरी गेली. पर्पेच्युअल म्हणजे कायम क्युरेट हा वेगळा प्राणी. मूळ पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख, फार मोठं, त्यात दूरच्या वस्तीसाठी एक उपचर्च, आणि त्या उपचर्चचा पाळक तो. बिशपच्या परवान्यावर बसलेला, त्यामुळे सहजी हलवता न येणारा. पण दशमांशात वाटा नाही. ठरावीक रक्कम, थोडं जमिनीचं उत्पन्न, लग्न-दफनाची दक्षिणा, एवढ्यावर भागवायचं. १८६८ च्या कायद्याने अशा लोकांना व्हिकर म्हणवून घ्यायची मुभा दिली. पॅट्रिक ब्राँटे त्याआधी सात वर्षं वारले.

त्यांचा जन्म १७ मार्च १७७७ चा, आयर्लंडमधल्या डाउन परगण्यात, एमडेल गावी. दहा भावंडांत थोरले. वडील शेतावर राबणारे. लोहाराकडे उमेदवारी, मग मागावर काम, मग सोळाव्या वर्षी मास्तरकी असा प्रवास करत ते टॉमस टाय या स्थानिक व्हिकरच्या मुलांचे शिक्षक झाले. पाळक व्हायचं तर ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजची पदवी हा तेव्हाचा राजमार्ग होता. टाय स्वतः केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजचे. त्यांनी वाट दाखवली. १८०२ च्या ऑक्टोबरात पॅट्रिक तिथे 'साइझर' म्हणून दाखल झाले. साइझर म्हणजे फी माफीतला गरीब विद्यार्थी. नोंदवहीत कारकुनाने आडनाव काहीतरीच लिहिलं, त्यांनी ते दुरुस्त करून घेतलं, आणि ब्रंटीचं ब्राँटे झालं ते याच काळात.

तरी पैसे पुरेनात. कॉलेजातले हेन्री मार्टिन यांनी १८०४ मध्ये त्यांच्यासाठी पत्र लिहिलं आणि हेन्री थॉर्नटन व विल्यम विल्बरफोर्स या दोघांनी वर्षाला दहा-दहा पौंड देऊ केले. विल्बरफोर्स म्हणजे गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढलेले तेच. हेन्री मार्टिन पुढे ईस्ट इंडिया कंपनीचे चॅपलन, म्हणजे पगारी पाद्री, होऊन हिंदुस्थानात आले आणि १८११ मध्ये इराणला जाताना मुंबईत उतरले होते. कंपनीच्या चॅपलनला दशमांशाची भानगडच नव्हती. त्याचा पगार कंपनी देई आणि बदलीही कंपनीच करी. फोर्टातलं सेंट थॉमस चर्च १७१८ साली उघडलं, तेव्हापासून मुंबईतले अँग्लिकन पाळक अशा पगारी व्यवस्थेतले. १८३७ मध्ये मुंबईला पहिला बिशप मिळाला तरी इंग्लंडमधलं हे वतनी जंजाळ इकडे आलं नाही.

पदवी हाती आली की दीक्षा मिळत नसे. कागदांची जुळवाजुळव करावी लागे, आणि त्यातला एक जरी अडला तरी बिशपच्या कचेरीतून माणूस परत जाई. वयाचा पुरावा म्हणून बाप्तिस्म्याचा दाखला: डीकनला २३ पूर्ण, प्रीस्टला २४. कॉलेजचं वर्तणुकीचं प्रशस्तिपत्र. मग 'सी क्विस' नावाची जाहीर नोटीस. अमुक माणूस दीक्षा घेऊ इच्छितो, कोणाची हरकत असल्यास सांगा, असं रविवारी चर्चमध्ये वाचून दाखवायचं आणि वाचल्याचा दाखला जोडायचा. शेवटचा आणि सगळ्यात अडणारा कागद म्हणजे 'टायटल': एखाद्या पाळकाने दिलेलं लेखी वचन, की याला मी माझ्याकडे क्युरेट ठेवतो आणि इतका पगार देतो. नोकरी पक्की असल्याशिवाय दीक्षा नाही. दीक्षा घेऊन भणंग फिरणारा पाद्री पोसण्याची जबाबदारी बिशपवर येऊ नये, हा त्यामागचा जुना हिशेब. एवढं झाल्यावर बिशपच्या परीक्षकासमोर तोंडी-लेखी परीक्षा, एकोणचाळीस कलमांवर सही आणि राजनिष्ठेची शपथ. ही एकोणचाळीस कलमं म्हणजे अँग्लिकन श्रद्धेचा जाहीरनामा.

पॅट्रिक १८०६ च्या ऑगस्टमध्ये डीकन झाले आणि २१ डिसेंबर १८०७ ला प्रीस्ट. मधलं वर्ष-दीड वर्ष उमेदवारीचं. डीकन प्रवचन करू शकतो, प्रेतं पुरू शकतो, प्रीस्ट नसेल तेव्हा बाप्तिस्मा देऊ शकतो. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस पवित्र करणं आणि पापक्षमा उच्चारणं ही प्रीस्टचीच कामं. त्यामुळे एकट्या डीकनच्या भरवशावर चर्च सोडलं, तर प्रभुभोजनासाठी शेजारगावाहून प्रीस्ट बोलवावा लागे.

त्यांची पहिली जागा एसेक्समधलं वेदर्सफील्ड. तिथले व्हिकर जोसेफ जोवेट केंब्रिजमध्ये कायद्याचे प्राध्यापक. वर्षाचा बराच काळ ते तिकडेच. दोन ठिकाणचं उत्पन्न घ्यायचं आणि एका ठिकाणी क्युरेट बसवायचा, ही तेव्हा सर्रास रीत होती, आणि तिच्यामुळेच पॅट्रिकसारख्या गरीब पदवीधरांना पहिली नोकरी मिळे. गैरहजर पाळक क्युरेटला अगदीच चिमूटभर देत, म्हणून १८१३ मध्ये कायद्याने किमान आकडा बांधून दिला: साधारण ८० पौंड, मोठ्या गावात १५० पर्यंत.

वेदर्सफील्डनंतर १८०९ मध्ये वेलिंग्टन, त्याच वर्षअखेरीला ड्यूजबरी. १८११ पासून हार्ट्सहेड आणि तिथे पहिल्यांदा कायम क्युरेटपद. म्हणजे दीक्षेपासून स्वतःचं असं चर्च मिळायला साधारण पाच वर्षं. ज्याचा काका जमीनदार त्याला ते पाच महिन्यांत मिळे, कारण पाळक नेमण्याचा हक्क ही इंग्लंडात चक्क मालमत्ता होती. 'ॲडव्हाउसन' नावाचा हा हक्क विकता येई, गहाण टाकता येई, मुलीला हुंड्यात देता येई. आत्ताचा पाळक जिवंत असतानाच 'पुढच्या नेमणुकीचा हक्क विकणे आहे, विद्यमान पाळकाचं वय ७२' अशा धाटणीच्या जाहिराती निघत. ओशाळवाणं वाटतं, पण कायदेशीर होतं.

नेमणुकीचे टप्पे असे: हक्कदार नाव सुचवतो, बिशप कागद तपासून आध्यात्मिक अधिकार देतो, मग आर्चडीकन या बिशपच्या हाताखालच्या अधिकाऱ्यातर्फे ताबा. ताबा अक्षरशः ताबा असे. पाळकाचा हात चर्चच्या दाराच्या किल्लीवर ठेवायचा, तो आत जाऊन घंटा वाजवणार. जितके टोले तितकी वर्षं टिकणार, असा गावकऱ्यांचा समज. त्यामुळे सगळे कान देऊन मोजत. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत भर उपासनेत एकोणचाळीस कलमं मोठ्याने वाचायची. हे राहिलं तर एलिझाबेथच्या काळच्या कायद्याप्रमाणे जागा आपोआप रिकामी. कायम क्युरेटच्या बाबतीत मधले ताब्याचे सोपस्कार गळत; नाव सुचवलं आणि बिशपने परवाना दिला की काम झालं.

हार्ट्सहेडला असताना, डिसेंबर १८१२ मध्ये, त्यांनी कॉर्नवॉलच्या मराया ब्रॅनवेलशी लग्न केलं. १८१५ मध्ये थॉर्नटन या गावी बदली झाली. शार्लट, ब्रॅनवेल, एमिली आणि ॲन ही चार मुलं तिथली. दोन थोरल्या मुली हार्ट्सहेडच्या. मग आलं हॉवर्थ, आणि नेमणुकीच्या हक्कात किती घाण होऊ शकते ते दिसलं.

हॉवर्थ हे ब्रॅडफर्ड पॅरिशमधलं उपचर्च, त्यामुळे पाळक नेमण्याचा हक्क ब्रॅडफर्डच्या व्हिकरचा. पण १५५९ मध्ये गावकऱ्यांनी पैसे काढून जमीन घेतली होती आणि तिचं उत्पन्न पाळकाला द्यायचं ठरवलं होतं, एका अटीवर: त्याची नेमणूक विश्वस्तांच्या संमतीने झालेली हवी. म्हणजे नेमणार ब्रॅडफर्ड आणि जेवू घालणार हॉवर्थ. मे १८१९ मध्ये आधीचे पाळक वारले. व्हिकर हेन्री हीप यांनी विश्वस्तांना न विचारता पॅट्रिकचं नाव जाहीर केलं. विश्वस्तांनी पॅट्रिकना सांगितलं, तुमच्याबद्दल तक्रार नाही, पण हीपचा माणूस आम्हाला नको. ते बाजूला झाले. हीपनी मग सॅम्युएल रेडहेड यांना पाठवलं. उपासना चालू असताना लोक लाकडी तळव्यांचे जोडे खडखडावत बाहेर पडले, पुढच्या रविवारी दंगा वाढला आणि तीन आठवड्यांत रेडहेडनी राजीनामा दिला. गाढवावर उलटा बसलेला माणूस चर्चमध्ये शिरला, ही गोष्ट पुढे फार रंगवून सांगितली गेली. तेवढी बाजूला ठेवली तरी प्रकरण पुरेसं वाईट होतं. शेवटी तडजोड निघाली: व्हिकर आणि विश्वस्त दोघांनी मिळून पॅट्रिकचंच नाव दिलं. फेब्रुवारी १८२० मध्ये परवाना मिळाला आणि एप्रिलमध्ये कुटुंब सामानाच्या गाड्या घेऊन टेकडी चढलं.

उत्पन्न वर्षाला १७० पौंडांच्या आसपास आणि राहायला घर फुकट. मजुराच्या मानाने ही चैन, पण त्यात सहा मुलं, नोकर, आणि 'सभ्य गृहस्थ' दिसण्याचा खर्च. घर विश्वस्तांचं, पाळकाचा श्वास थांबला की कुटुंबाचा तिथला हक्क संपला. दीड वर्षाच्या आत, सप्टेंबर १८२१ मध्ये, पत्नी वारली. मुलींना शिकवायचं तर स्वस्त शाळा शोधणं आलं. पाळकांच्या मुलींसाठी काउअन ब्रिजला १८२४ मध्ये निघालेल्या शाळेची फी वर्षाला १४ पौंड होती, कारण बाकीचा खर्च देणग्यांतून चाले. चार मुली तिथे गेल्या. १८२५ च्या मे-जूनमध्ये मराया आणि एलिझाबेथ या थोरल्या दोघी क्षयाने गेल्या.

रोजचं काम काय? रविवारी सकाळ-दुपार उपासना आणि प्रवचनं, हे दिसणारं काम. न दिसणारं होतं नोंदवह्यांचं. १८३७ च्या जुलैपर्यंत सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी नव्हतीच. चर्चची वही हाच पुरावा. लग्नाचं तर आणखी कडक होतं. १७५४ पासून ज्यू आणि क्वेकर सोडून प्रत्येकाला अँग्लिकन चर्चमध्येच लग्न करावं लागे, मग तो बाप्टिस्ट असो की मेथडिस्ट, म्हणजे अँग्लिकन चर्चबाहेरच्या ख्रिस्ती पंथांचा. हॉवर्थमध्ये दोन्हींचा मोठा जोर. अशा माणसाला वर्षभर स्वतःच्या चॅपलमध्ये जाऊन लग्नाला आणि मर्तिकाला मात्र पॅट्रिककडे यावं लागे, वर दक्षिणाही द्यावी लागे.

त्यात भर 'चर्च रेट'ची. चर्चच्या इमारतीतला वेदीकडचा भाग रेक्टरने सांभाळायचा आणि लोक बसतात तो भाग गावाने, हा जुना नियम. गावाचा वाटा म्हणजे घरपट्टीसारखा कर, जो सर्वपंथीयांना लागू. पण दर ठरवायला गावसभेचं बहुमत हवं. बाप्टिस्टांचं बहुमत असलेल्या सभेत अँग्लिकन छपराच्या दुरुस्तीसाठी कर मागायचा, म्हणजे काय होणार ते उघड आहे. १८३० च्या दशकात हॉवर्थमध्ये यावरून वर्षानुवर्षं भांडणं झाली. सक्तीचा चर्च रेट १८६८ मध्ये रद्द झाला. छपराची गळती त्याची वाट बघत नव्हती.

पाळकाचं काम चर्चच्या आवाराबाहेरही असे, आणि पॅट्रिक यांनी सगळ्यात चिवटपणे काय केलं असेल, तर पिण्याच्या पाण्याची मागणी. १८४८ च्या आरोग्य कायद्यात गावातल्या दहा टक्के करदात्यांनी सह्या केल्या तर लंडनहून निरीक्षक येण्याची तरतूद होती. १८४९ मध्ये त्यांनी सह्या जमवून अर्ज धाडला. एप्रिल १८५० मध्ये बेंजामिन हर्शेल बॅबेज आले. गणनयंत्रवाल्या चार्ल्स बॅबेजचे चिरंजीव. त्यांच्या अहवालातले आकडे असे: हॉवर्थमध्ये जन्मलेल्यांपैकी ४१.६ टक्के मुलं सहा वर्षांची होण्याआधी मरत, मृत्यूचं सरासरी वय २५.८, आणि दहा वर्षांत त्या एका दफनभूमीत १,३४४ प्रेतं. कारणं साधी होती. गटारं नाहीत, अनेक घरांत मिळून एक संडास, उकिरडे भिंतींना टेकलेले, दफनभूमी गावाच्या वरच्या अंगाला. शिवाय थडग्यांवर मोठ्या फरश्या आडव्या घालण्याची तिथली पद्धत. फरशीखाली झाड-गवत उगवत नाही, हवा-पाणी नीट खेळत नाही, म्हणून प्रेत कुजायला वेळ लागतो; बॅबेजनी आडव्या फरश्या बंद करून झाडं लावायला सांगितलं. पाणीपट्टी वाढेल म्हणून गावातल्या मोठ्या मालमत्तावाल्यांनी कामात खोडे घातले आणि पॅट्रिक पत्रांमागून पत्रं लिहीत राहिले. पाळकाला अर्ज करता येतो, हुकूम नाही.

त्यांचा मोठा आधार म्हणजे क्युरेट. १७० पौंडांतून मदतनीस ठेवणं परवडणारं नव्हतं; १८३६ मध्ये स्थापन झालेल्या चर्च पास्टोरल एड सोसायटीच्या अनुदानामुळे ते जमलं. त्यातले विल्यम वेटमन आजाऱ्यांच्या घरी जाता जाता कॉलरा होऊन १८४२ मध्ये २८ व्या वर्षी वारले. १८४५ मध्ये आर्थर बेल निकल्स आले. पुढच्या वर्षी पॅट्रिक यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मँचेस्टरला झाली, भुलीशिवाय. त्याआधी डोळ्यांपुढे अंधार असताना चर्चचा बराच भार निकल्सवर होता.

तरीही डिसेंबर १८५२ मध्ये याच निकल्सनी शार्लटला मागणी घातली तेव्हा पॅट्रिक भडकले. क्युरेटचं उत्पन्न तुटपुंजं, घर नाही, चर्च नाही. आणि मुलगी एव्हाना नावाजलेली लेखिका. बाप म्हणून हा राग समजतो, पण स्वतः एकेकाळी नेमके याच जागी असलेल्या माणसाला तो शोभला नाही. निकल्स सोडून गेले, त्यांच्या जागी आलेल्या क्युरेटशी म्हाताऱ्याचं जमेना, आणि अखेर बोलणी झाली: निकल्सनी परत यायचं, याच घरात राहायचं आणि पॅट्रिकना शेवटपर्यंत सांभाळायचं. २९ जून १८५४ ला लग्न, ३१ मार्च १८५५ ला शार्लटचा मृत्यू. निकल्सनी शब्द पाळला आणि सहा वर्षं सासऱ्यांची सगळी कामं ओढली.

ऐंशी उलटलेला माणूस निवृत्त का झाला नाही? कारण निवृत्तिवेतन नव्हतं. पद सोडलं की घर आणि पैसा दोन्ही जात, म्हणून पाळक अंथरुणावरून पद सांभाळत आणि क्युरेट राबत. जागेच्या उत्पन्नाचा जास्तीत जास्त एक तृतीयांश हिस्सा निवृत्त पाळकाला देण्याचा कायदा १८७१ मध्ये आला.

७ जून १८६१ ला, ८४ व्या वर्षी, पॅट्रिक गेले. हॉवर्थमध्ये ४१ वर्षं झाली होती आणि सहापैकी एकही मूल मागे उरलं नव्हतं. सोळा वर्षांत दोनदा या गावचा क्युरेट झालेल्या निकल्सनाच ही जागा मिळेल, असं बहुतेकांनी धरलं होतं. विश्वस्तांनी मतदान केलं आणि ब्रॅडफर्डच्या जॉन वेड यांना निवडलं. घर रिकामं करायचं होतं. ऑक्टोबरात सामानाचा लिलाव झाला. निकल्स आयर्लंडला बानाहरला परतले, शेती करू लागले आणि पुन्हा कुठल्याही चर्चची नोकरी त्यांनी धरली नाही.